शुक्रवारचा निळा

“पिवळा म्हणजे थांबलेलं काम,” थीरफतसाहेब पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, आणि खोलीतल्या एकोणीस पिवळ्या शर्टांनी एकमेकांकडे पाहिले. सोमवार होता. सोमवारी सगळे रुग्णालय पिवळे असते. खुद्द साहेबांच्या अंगातही पिवळाच शर्ट होता, तोही कडक इस्त्रीचा.

“म्हणजे आज आपण सगळेच थांबलेलं काम म्हणायचं,” मागच्या रांगेतून बुन्मा ड्रायव्हर पुटपुटला. खसखस पिकली.

साहेबही हसले. माणूस वाईट नव्हता हो. बँकॉकहून तीन महिन्यांपूर्वी मून नदीकाठच्या या तालुक्याच्या रुग्णालयात व्यवस्थापक म्हणून आला होता. वय चौतीस, डोके तल्लख, आणि सगळे एका झटक्यात नीट करायची घाई. “लाल म्हणजे तातडीचं, पिवळं थांबलेलं, हिरवं झालेलं. चौकातल्या सिग्नलसारखं, कुणालाही कळेल. प्रनोमताई, तुमच्या मेलचे ते सात रंग फार होतात. आजपासून तीनच. चालेल ना?”

“चालेल, साहेब,” प्रनोम म्हणाली.

चालणार नव्हते, हे तिला बसल्या जागी कळले होते. पण चारचौघांत साहेबाला नाही कसे म्हणायचे? शिवाय तीस सप्टेंबरला तिची निवृत्ती. पंधरा दिवस उरलेल्या बाईने कशाला तोंड उघडावे, असाही एक विचार मनात येऊन गेला. त्या विचाराची तिला पुढे फार लाज वाटली.

प्रनोम साधी कारकून होती. चौतीस गावांच्या आरोग्य केंद्रांतून येणारे मेल वाचायचे, हेच तिचे अकरा वर्षांचे काम. ज्यांच्या किडन्या गेल्या आहेत आणि जे घरीच, पोटात बसवलेल्या नळीतून डायलिसिस करतात, अशा रुग्णांचे ते मेल. कुणाला किती पिशव्या पाणी हवे, कुणाची नळी दुखते, कुणाचे पाणी गढूळ आले. माणसाला दिवसाला चार पिशव्या लागतात. एक दिवस चुकला की अंगाला सूज येते, दुसऱ्या दिवशी धाप लागते. पुढचे सांगायला नको.

मेल आला की प्रनोम आधी गाव बघायची. त्या गावाला गाडी सोमवारी जात असेल तर मेल पिवळा, मंगळवारी गुलाबी, बुधवारी हिरवा, गुरुवारी नारिंगी, शुक्रवारी निळा. शनिवारचा जांभळा आणि रविवारचा लाल फक्त सणासुदीच्या फेऱ्यांना. हे वारांचे रंग तिने शोधले नव्हते; त्या देशात प्रत्येक वाराला ठरलेला रंग असतो आणि लोक त्या दिवशी कपडेही त्याच रंगाचे घालतात. तिथले शेंबडे पोरसुद्धा ते जाणते. तिने एवढेच केले की मेलचा जो रंग, त्याच रंगाचे स्टिकर कोठारातल्या खोक्यावर लावले. बुन्मा चष्मा घरी विसरला तरी अडत नसे. त्या दिवसाच्या रंगाची खोकी उचलायची आणि निघायचे. अकरा वर्षांत एक खोके चुकीच्या दारात उतरले नव्हते. आणि याबद्दल तिला कधी कुणी शाबासकी दिली नव्हती, कारण न घडलेली चूक कुणाला दिसते?

गुरुवारी प्रनोम पेन्शनच्या कागदांसाठी जिल्ह्याला गेली होती. तिच्या खुर्चीवर प्रेव बसली होती. तिच्या जागी येणारी अठ्ठावीस वर्षांची मुलगी, हाताने चपळ आणि सांगितलेले तंतोतंत करणारी. दुपारी नोंगफाय गावच्या केंद्राचा मेल आला. खाम्पुनआजीच्या घरात पुराचे पाणी शिरले, तिची पिशव्यांची खोकी भिजून फुटली. पुढचा साठा यायला अजून आठवडा आहे. उरलेल्या पिशव्या शुक्रवार संध्याकाळपर्यंतच पुरतील.

या आठवड्याची नेहमीची खोकी जुन्याच रंगांनी आधीच तयार होती; हा मेल मात्र प्रेवने साहेबांच्या नव्या नियमाप्रमाणे लाल केला. तातडीचा होता ना! कोठारात जाऊन चार खोकी काढली आणि रिवाजाप्रमाणे मेलच्याच रंगाची स्टिकरे लावली. लालभडक.

शुक्रवारी दुपारी पावणेतीनला प्रनोम कोठारात शिल्लक मोजायला गेली. बुन्मा फेरी आटोपून परत आलेला, गाडी धुवत होता.

“बुन्मा, ही चार खोकी कुणाची?”

“रविवारची आहेत ती, ताई. लाल नाही का! सणाची फेरीबिरी असेल, रविवारी जातील.”

प्रनोमने खोक्यावरचे नाव वाचले. हातातली वही खाली पडली.

“अरे, ही नोंगफायची! खाम्पुनआजीची! तू आज त्याच बाजूला जाऊन आलास ना?”

“आज निळा वार. निळी खोकी होती तेवढी सगळी टाकली.” बुन्माच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. “ताई, देवाशपथ, मला कुणी सांगितलं नाही...”

“तुझी चूक नाही. खोकी चढव. मी येते.”

प्रेव धावत आली. रडकुंडीला आली होती. “मावशी, मी लाल केलं म्हणजे आधी जाईल असं वाटलं हो मला.”

“बरोबर वाटलं तुला. रडत बसू नकोस, केंद्रावर फोन कर. म्हणावं, निघालोय.”

नोंगफायला जायचा पूल दुपारनंतर पाण्याखाली गेला होता. बारा किलोमीटरचा वळसा पडला. बुन्माने भाताच्या खाचरांमधून गाडी हाणली. प्रनोम मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती. तिच्या मेलमध्ये आणखी एक रंग होता, साहेबांनी मोजला नव्हता असा. पांढरा. रुग्ण गेला की त्याचे सगळे मेल ती वाराच्या रंगातून काढून पांढऱ्या फोल्डरमध्ये ठेवायची. एकसष्ट जण होते त्यात. पण तिच्या हातून उशीर झाला म्हणून गेलेला एकही नव्हता. सोमवारी मी बोलायला हवे होते, एवढेच तिच्या डोक्यात घुमत होते.

पाचाला गाडी पोचली. खाम्पुनआजी घराच्या शिडीवर बसली होती. चेहरा सुजलेला, पण शुद्धीवर, आणि जीभ तर अगदी ठणठणीत. फाटकाला तिच्या वाराची निळी चिंधी बांधलेली होती.

“सकाळपासनं वाट बघतेय. निळ्या वाराला गाडी फाटकावरनं निघून गेली. मी म्हाताऱ्याला म्हटलं, ती प्रनोम मेली असणार, त्याशिवाय असं व्हायचं नाही.”

“जिवंत आहे, आजी. उशीर झाला. माफ करा.”

बुन्माने खोके पुढे ठेवले. आजीने त्याच्याकडे पाहिले आणि पायाने मागे सारले.

“हे माझं नव्हे.”

“आजी, तुमचंच आहे. बघा, नाव आहे.”

“मला वाचता येतं का, मुडद्या? हे लाल आहे. माझं निळं. दुसऱ्या रंगाचं खोकं आलं तर हात लावायचा नाही, दुसऱ्याचं औषध पोटात गेलं तर मरशील, असं बजावलंय मला. कुणी ते विचार तुझ्या ताईलाच.”

बुन्माने ताईकडे पाहिले. प्रनोमनेच बजावले होते, नऊ वर्षांपूर्वी, याच शिडीवर बसून. कालपासून निम्म्याच पिशव्या वापरूनही आजीची शेवटची पिशवी दुपारीच संपली होती, पाय केळीच्या खुंटासारखे झाले होते, तरी ती बाई लाल खोक्याला हात लावायला तयार नव्हती. प्रनोमला भडभडून आले. आपले एवढे कुणी ऐकले असेल असे तिला आयुष्यात वाटले नव्हते.

तिने काही समजावले नाही. खाली बसून नखाने चारही लाल स्टिकरे खरवडून काढली. पर्समधून निळ्या स्टिकरांची पट्टी काढली आणि एकेक नीट दाबून चिकटवले. आजीने वाकून चारही पाहून घेतली.

“हां. आता माझं. चल रे, वर चढव.”

आजी हात धुऊन नळी लावीपर्यंत प्रनोम तिथेच थांबली. पाणी पोटात उतरू लागले तेव्हा तिने बुन्माला निघायची खूण केली.

सोमवारी थीरफतसाहेबांनी तिला खोलीत बोलावले. अंगात पुन्हा पिवळा शर्ट होता, पण आज इस्त्री नव्हती.

“प्रनोमताई, रंग खोक्यावर जातो आणि खोक्यावरून थेट घरापर्यंत जातो, हे मला कुणी सांगितलंच नाही. तुम्ही तरी सांगायचं.”

“चारचौघांत कसं सांगणार, साहेब? नंतर एकट्यात गाठायला हवं होतं. मी ते केलं नाही. चूक माझी.”

“चूक तुमची?” साहेब हसले, पण त्यात हसू नव्हते. “मी स्वतः दर सोमवारी पिवळा घालतो आणि मला हे सुचू नये! दाखवा मला सगळं.”

तिने एकेक फोल्डर उघडून दाखवले. पांढऱ्यापाशी साहेब थांबले. “हे काय? यात तर काहीच काम शिल्लक नाही. जागा अडलीय, काढून टाकू का?”

“टाका, साहेब. फक्त आधी एकदा वाचा.”

साहेब वाचू लागले. ‘पाणी स्वच्छ आहे, वजन त्रेपन्न.’ ‘नात झाली, बाबा खुशीत.’ ‘यापुढे पिशव्या पाठवू नयेत. मंगळवारी पहाटे गेले. उरलेली तीन खोकी परत पाठवतो, दुसऱ्या कुणाला होतील.’ पाचवा मेल वाचून त्यांनी चष्मा काढला.

“राहू दे हे,” शेवटी ते म्हणाले. “आणि तातडीचं असेल तेव्हा?”

“त्याला खूण हवी, साहेब. रंग नको. मी फोन करायचे, पण मी नसले तर...”

“ताऱ्याची खूण लावू. मेललाही आणि खोक्यालाही. रंग तुमचे, तारा माझा. चालेल ना?”

“चालेल, साहेब,” प्रनोम म्हणाली, आणि या वेळी ते खरे होते.

तीस तारखेला मंगळवार होता. गुलाबी शर्टांच्या गर्दीत तिचा निरोपसमारंभ झाला, माळा घातल्या गेल्या, प्रेव पोटभर रडली. साहेबांनी भाषणात आकडे सांगितले नाहीत. खाम्पुनआजीने लाल खोके पायाने कसे ढकलले, तेवढेच सांगितले, आणि हात जोडून प्रनोमपुढे इतके खाली वाकले की तिला कुठे बघावे कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तिने सवयीने फोनवर मेल उघडला. ‘हे खाते बंद करण्यात आले आहे,’ असे आले. तिने फोन उपडा ठेवला. भांडी घासून झाली, अंगण झाडून झाले, तरी घड्याळात नऊच वाजले होते.

पावणेदहाला गल्लीत हॉर्न वाजला. रुग्णालयाची गाडी दारात उभी होती. बुन्माने खाली उतरून मागचे दार उघडले.

“ताई, एकदा बघून घ्या.”

प्रनोमने वाकून पाहिले. चौदा खोकी, चौदाही हिरवी. दाराजवळच्या एकावर कागदाचा सोनेरी तारा.

“ताऱ्याचं आधी टाक.”

“तेच आधी. प्रेवनं दोनदा बजावलंय.” बुन्मा गाडीत बसला. “येतो. पुढच्या बुधवारी परत हॉर्न देईन.”

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती फाटकाशी उभी राहिली. आत जाताना आरशात तिचे लक्ष गेले. सकाळी आंघोळ करून तिने हिरवा ब्लाउज घातला होता. तिला आज कुठेच जायचे नव्हते.