साठावा नट

या, असे जवळ सरका. पाय पोटाशी घ्या, मागच्यांनाही जागा होऊ द्या. आज गोष्ट सांगतो ती बसच्या आगारातल्या एका फिटरची. माणूस सोन्यासारखा, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मधेच त्याच्यावर रागवाल.

त्याचं काम चाकांचं. बसला सहा चाकं, चाकाला दहा नट. चार वर्षांपूर्वी दुसऱ्याच आगारातल्या एका बसचं चाक धावता धावता निखळलं. माणसं गेली. बस याची नव्हती, चूक याची नव्हती. पण त्या रात्री हा आडवा झाला आणि त्या दिवशीच्या शेवटच्या बसचे नट मनात मोजू लागला. एकोणसाठ आठवले. साठावा काही केल्या आठवेना. तेव्हापासून झोप गेली ती गेलीच. आगारात त्याचं नाव पडलं जागल्या.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, संध्याकाळचा चहा तोडला, मोबाईल उशापासून लांब ठेवायला लावला. मेहुणा म्हणाला, "दाजी, मनात काही आणायचंच नाही. मी बघा, पडल्या पडल्या घोरतो."

"ते आम्हाला भिंतीपलीकडूनही ऐकू येतं," त्याची बहीण, म्हणजे फिटरची बायको, म्हणाली.

शेवटी उपाय सापडला तो तिलाच. आगाराचा नियम असा, की नट पान्याने पक्का आवळला की नटावरून चाकापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. नट पुढे सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. रात्री हा नट बघायला आगारात जायचं म्हणून उठून चपला शोधू लागला, की ती पडल्या पडल्याच विचारायची.

"अहो, रेघ ओढली होती ना?"

"ओढली होती."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"मग आवळल्याशिवाय ओढलीत होय? पडा गुमान."

आणि तो पडायचा. दोन तास, कधी तीन. तेवढ्यावर त्या घराचे दिवस निघत होते.

एका सकाळी त्याने एक चाक संपवलं, रंगाच्या डब्याचं झाकण लावलं आणि पाना खुंटीला अडकवायला वळला. पाना खुंटीलाच होता. तो काढलाच नव्हता. दहा नटांवर दहा सुरेख, सरळ रेघा. त्याने एका नटाला हात लावला. नट बोटांनीच फिरला.

तो तसाच फोरमनकडे गेला. "साहेब, मी आधीच रेघा ओढल्या."

"मग आता आवळ. पुसून परत ओढ. त्यात काय!"

"आजच्या कळल्या, साहेब. कालच्या?"

फोरमनचा चेहरा उतरला. काल याच्या हाताखालून गेलेल्या सात बसगाड्या रस्त्यावरून माघारी बोलावल्या. थांब्यांवर लोकांनी शिव्या घातल्या. फोरमनने स्वतः एकेका नटाला पाना लावला. चारशे वीसच्या चारशे वीस पक्के निघाले.

"झालं ना समाधान, जागल्या?" फोरमनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पण उद्यापासून धुलाईवर ये. चाकांना हात नको लावूस बाबा."

बायकोने ऐकून घेतलं. "बरंच झालं," ती म्हणाली. "आता नट नाहीत, रेघा नाहीत. झोपा निवांत."

अडीच वाजता तो उठून बसला.

"आता काय?"

"चार वर्षांत किती चाकं झाली असतील गं?"

सवयीने तिच्या तोंडून निघालं, "अहो, रेघ..." आणि ती थांबली. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पाखरांना फांदीवर झोप देणारा देव या एका खाटेपाशी का थबकतो, ते मलाही सांगता येत नाही.

तिने दिवा लावला. त्याने बाहेर जाऊ नये म्हणून कपाटामागे लपवलेल्या त्याच्या चपला काढून पुढे ठेवल्या. स्वतःच्याही घातल्या. दोघं चालत आगाराच्या जाळीपाशी गेली आणि आत उभ्या बसगाड्या बघत राहिली. फटफटेपर्यंत. अजूनही जातात.

कधी बसमध्ये खिडकीला डोकं टेकून तुमचा डोळा लागला, तर उठल्यावर जाळीपाशी उभ्या असलेल्या त्या दोघांची आठवण काढा. आणि देवापाशी त्यांच्यासाठी तेवढीच एक डुलकी मागा.