चौथ्या कडव्याची खंजिरी

मित्रांनो, मी एक जुनी खंजिरी आहे. माझं कातडं फाटलंय, झांजा काळ्या पडल्यात आणि मनातला एक गोंधळ काही केल्या सुटत नाही.

पारशिवनीच्या सुताराने मला घडवलं आणि मी जयवंताबाईच्या हाती आले. ती पेंच नदीकाठच्या शेतात कापूस वेचता वेचता गाणी रचायची. रचणाऱ्याने शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं, ही आमच्याकडची रीत. लेक गोपिका सासरी निघाली तेव्हा रचलेल्या गाण्याचं चौथं कडवं असं होतं :

जयवंता म्हने, माय एकली,
पेंचेच्या पान्यानं हाक नेली.

त्या गाण्याने सारा मांडव रडला. पुढे, एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमारास, एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसांनी तिला नागपूरला बोलावलं. मी तर हरखून गेले!

"बाई, तबकडीवर तीनच कडवी मावतात. चौथं सोडा," साहेब म्हणाले.

"पन साहेब, माहं नाव त्यातच हाये ना!"

"नाव आम्ही वर छापतो."

तबकडी आली. गोपिकेने वाचलं, "पारंपरिक लोकगीत."

"हा कोन होय वं?"

"कोनी नाही, माय. म्हंजे गानं कोनाचंच नाही."

जयवंताबाईने मला खुंटीला अडकवलं. पण गाणं मात्र लग्नालग्नांत भोंग्यावर वाजू लागलं. मला कळेना, आनंदाने वाजावं की रुसून बसावं?

वर्षं गेली. धरमपेठेतल्या एका लग्नात बायका तेच गाणं म्हणत होत्या. म्हातारी जयवंताबाई मला घेऊन त्यांच्यात बसली. तीन कडवी झाली, सगळ्या थांबल्या. तिने एकटीने चौथं उचललं.

"मावशी, हे कडवं यात नाही," त्या बायकांतल्या शोभाताई हसून म्हणाल्या. "आम्ही रेकॉर्डवर ऐकलंय ना."

मला वाटलं, आता ही सांगेल. पण ती म्हणाली, "असन माय. मी बुढी झाली, चुकली असन." आणि मला पदराखाली घेतलं. ती असं का म्हणाली, ते मला आजही उमगत नाही.

आता ती नाही. मी हुडकेश्वरला गोपिकेच्या घरी खुंटीवर असते. मित्रांनो, मला नवं कातडं नाही चढवलं तरी चालेल. पण गाणं म्हणाल तर शेवटपर्यंत म्हणा. तिथे कुणीतरी आपलं नाव ठेवून गेलेलं असतं.

लग्नसराईत शेजारच्या मांडवातून ती तबकडी ऐकू येते. तीन कडवी होतात, भोंगा थांबतो. चुलीपुढे बसलेली गोपिका पोळी लाटता लाटता चौथं म्हणते.