गप्प झालेलं काळीज

बीबी गावात कोणी अंथरूण धरलं की रुखमाबाईला बोलावणं यायचं. तिने नुसतं उशाशी बसायचं. तिच्या छातीत फडफड सुरू झाली की माणूस गेलाच म्हणून समजा. नाही झाली, तर घरचे निवांत जेवायला बसायचे. लोकांचंही बाई एकेक! पण एकदाही चुकलं नाही, त्याला काय करणार?

त्या फडफडीने आता तीच टेकीला आली होती. भाकरी थापता थापता भोवळ यायची. शेवटी नवरा, वामनराव, हट्टाने तिला संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टर म्हणाला, "मावशी, काळजात एक भलतीच वाट आहे. मांडीच्या शिरेतून बारीक नळी आत नेतो आणि तिच्या टोकातून आवाज सोडतो. कानाला ऐकू येत नाही, पण त्याच्या गरमीने ती वाट बंद होते. नवीन उपाय आहे. फक्त जागा सापडायला फडफड एकदा मुद्दाम आणावी लागेल."

रुखमाबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. "नका आणू, बापा! थे आली का कोणीतरी जाते."

डॉक्टर हसला. त्याने मशीन लावलं आणि फडफड आली. तेवढ्यात भिंतीपलीकडून बायकांचा आकांत उठला. डॉक्टरचं हसू मावळलं, पण हात थांबला नाही. छातीत जरा ऊन ऊन लागलं, आणि फडफड बंद पडली.

गावी आल्यावर तिला गाढ झोप लागू लागली. चार घास जास्त जाऊ लागले. वामनराव तर खूशच होता.

दिवाळीनंतर एका दुपारी तो शेतातून आला तो घामाने निथळत. छाती चोळत खाटेवर पडला.

"डावा हात भरून आला, रुखमे."

"थांबा, गाडी बोलावते."

"बस इथं. तुह्या छातीत फडफडून राह्यलं का?"

तिने छातीवर हात ठेवला. "नाही. काहीच नाही."

"मंग काऊन भेऊन राह्यली? पित्त असन." तो डोळे मिटून हसला. तिचाही जीव भांड्यात पडला. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काही सुचलंच नाही तिला! तिने चहा टाकला.

बशी त्याच्या ओठाला लावली तर चहा गळ्यावरून ओघळला.

"अहो! अहो, ऐकून राह्यले ना?"

मग कुठे तिला ते संभाजीनगर आठवलं. ती दोन्ही मुठींनी आपली छाती बडवू लागली. "सांगाचं होतं ना मले! आता काऊन गप्प?"

आत काळीज एका लयीत, शहाण्यासारखं चाललं होतं.