धाव रं आका

सगळा दोष सयाजीचा न्हाय. पैला शब्द माझ्याच तोंडातनं गेला. आता कुनाला शिव्या घालू?

त्र्याण्णव सालचा गणपती. वारणानगरजवळच्या आमच्या गावात मंडळाचा कार्यक्रम हुता आन सयाजी स्टेजवर नकला करत हुता. पुढाऱ्याची केली, बोकडाची केली, यष्टीच्या कंडक्टरची केली. कुत्रंबी हसंना. माणसं चपला शोधाय लागली. सयाजी माझ्या वर्गातला, आईबाप लहानपनीच गेल्यालं, आमच्याच चुलीवर वाढल्याला. त्याचं तोंड बघवंना. पडद्यामागनं मी म्हटलं, "सया, आईची कर."

माझी आई बाळाबाई. म्हस सुटू दे, चुलीम्होरं साप निघू दे, न्हायतर डेअरीत दुधाला फॅट कमी लागू दे, ती कमरंवर हात ठिवून पैली हाळी द्यायची, "आकाऽऽ, धाव रंऽऽ!" आकाराम म्हंजे मी. सयानं उपरणं पदरागत डोक्यावर घेतलं, कमरंवर हात ठिवला आन तीच हाळी दिली. मंडप पडायचा बाकी ऱ्हायला. सगळ्यात जास्त आईच हसली, डोळं पुसपुसून. घरी आल्यावर मीठ-मिरच्या उतरून तिनं त्याची दिष्ट काढली.

तिथनं गड्यानं मागं वळून बघितलं न्हाय. शहाण्णवला कॅसेट निघाली, नावच 'धाव रं आका'. रिक्षात तीच, रसाच्या गाड्यावर तीच. मग कोल्हापुरात ऑर्केस्ट्रा, हाताखाली पाच पार्ट्या, राजारामपुरीत काचंचं ऑफिस. दोन हजार चारला टीव्हीवर मालिका. आमचा सया सयाजीराव झाला, जिल्ह्यातल्या निम्म्या कलाकारांची भाकरी त्याच्या हातात.

हिकडं आईचं हसू सरलं. डेअरीत किटली घिऊन गेली की पोरं म्हनायची, "आज्जे, येकदा म्हन की!" मलकापूरचं पावणं तर तिला ऐकाय म्हनून मुद्दाम आलतं. भावकीतल्या मयताला हंबरडा फोडला, तर पाठीमागं कोनतरी फिस्सकन हसलं. त्या दिवसापासनं तिनं हाळी द्यायची बंद केली. म्हस सुटली तर गुमान तिच्या मागनं चालत जायची. मला म्हनाली, "सयाला सांग बाबा, पुरं झालं आता. मला वरडू दे."

गेलो. ऑफिसात दोन तास बसवलं. मग सयाच बाहिर आला, मिठी मारली, सगळं ऐकून घेतलं. डोळ्यात पानी आलं त्याच्या, आन ते खोटं न्हवतं, तेच तर वंगाळ. म्हनाला, "आका, आई माझीबी हाय की रं. पर माझ्या हातात काय ऱ्हायलंय? चॅनेलनं दोन वर्साचं लिहून घेतलंय. बंद केली तर शंभर माणसं घरी बसतील." थोबाडीत द्यावी वाटत हुती. चहा पिऊन परत आलो. आठ दिवसांनी टेम्पोतनं रंगीत टीव्ही आला, आईसाठी म्हनून.

आई त्याच्याम्होरं कवा बसली न्हाय. साडेसातला मालिका लागली की गोठ्यात जायची. मी मातर बघायचो. खोटं कशाला बोलू, हसायचोबी.

त्या दिवशी अशीच मालिका चालू हुती. "आकाऽऽ, धाव रंऽऽ!" मी हसलो. परत आलं, परत हसलो. मग साबनाची जाहिरात लागली. बाई अंगाला साबन लावत हुती आन हाळी चालूच हुती.

पळालो. आई गव्हाणीपाशी शेणात पडल्याली, खुबा मोडल्याला. शेजारची चिमणाबाई आली आन कपाळावर हात मारून घेतला. म्हनाली, "कवाधरनं ऐकतोय की आमी! आमाला वाटलं तुमचा टीव्ही हाय." आई माझ्याकडं बघत न्हवती.

आता ती खाटंवरच असती. सयानं मोठा डाक्टर दावला, आपरेशन केलं, येऊन पायापाशी बसून रडला. टीव्ही मी माळ्यावर टाकला, आता टाकून काय उपेग! पानी पायजे झालं, कूस बदलायची झाली, की आई उशाची वाटी तांब्यावर वाजवती. मी म्हनतो, "आई, हाक मार की गं."

ती वाटीच वाजवती.