चांगलं रक्त

"घरच्या माणसाला रक्ततपासणीचा आकडा सांगायचा नाही हं, काहू," जुनी नर्स लेसिएलीनं बजावलं होतं. "अभ्यास चाललाय नुसता. त्यावरून कुणाचं काही ठरत नाही."

काहुरंगीनं मान डोलावली आणि दुपारीच मावसबहिणीला फोन केला. बाळंत झाल्यापासून वाइमारीचं हसणं गेलं होतं. वांगानुई गावच्या दवाखान्यात उदास आयांच्या रक्तात काही खूण सापडते का, ते तपासत होते. काहुरंगी तिथे रक्त काढायची.

"वाइ, तुझा आकडा एकदम छान आलाय गं!"

वाइमारीच्या आईनं, म्हणजे मावशीनं, ते गावभर केलं. "आमचं रक्तच तसं. आजीपासून कुणाला वेडबीड नाही." वाइमारीकडे तळलेले पाव, उकडलेली रताळी घेऊन येणारी माणसं मग हळूहळू येईनाशी झाली.

अभ्यास संपला. इथल्या रीतीप्रमाणे उरलेलं रक्त कचऱ्यात जात नाही. ज्याचं त्याला परत मिळतं, प्रार्थना म्हणून मातीत मिळवायला. त्या सकाळी सगळ्या आया नदीकाठी जमल्या. वाइमारीच्या रक्ताची नळी तेवढी टोपलीत राहिली.

"झोपली असेल. आळशीच ती पहिल्यापासून," मावशी म्हणाली.

"तू शेवटचं कधी गेली होतीस तिच्याकडे?" काहुरंगीनं विचारलं.

"मी कशाला जाऊ? तिला काय धाड भरलीय? तूच तर म्हणालीस."

काहुरंगीनं टोपली लेसिएलीकडे दिली आणि गाडी काढली.

दार उघडंच होतं. बाळ न्हाऊमाखून, नव्या कपड्यांत निजलं होतं. शेजारी त्याची पिशवी भरून ठेवलेली. वाइमारी कोट चढवून, गाडीची किल्ली मुठीत धरून बसली होती.

"कुठे निघालीस?"

"तुझ्याकडे सोडणार होते त्याला."

"आणि तू?"

"रक्त चांगलंय ना माझं? मग हे सगळं माझंच नाटक. कुणाला काय सांगणार?"

"नाटक नाही गं. त्या आकड्यात काही नव्हतं. मी सांगायलाच नको होतं."

काहुरंगीनं हात पुढे केला. बऱ्याच वेळानं किल्ली त्यात पडली. तिनं लेसिएलीला फोन लावला, "डॉक्टरांना घेऊन ये. आत्ता."

ती दोघं येईपर्यंत काहुरंगी बहिणीच्या अंगातला कोट काढत होती, लहान मुलाचा काढावा तसा, एकेक बाही सावकाश सोडवत.

हे वाचताना कुणाचं नाव मनात आलं असेल, तर फोनवर विचारू नका. जाऊन बघा.