ओल्या लाकडाच्या पोटात

मित्रांनो, जंगलवाटा तुडवून म्हातारा झालेला मी एक चाकू आहे. लोहाराने मला एकाच पोलादी पट्टीतून घडवलं. माझं पातं मुठीच्या आतून थेट तिच्या शेवटच्या टोकापर्यंत गेलं आहे. सारं बळ तिथेच. पण ते बाहेरून दिसत नाही. म्हणून दुकानात मी बरीच वर्षं पडून राहिलो. गिऱ्हाइकं घडीचे चकचकीत चाकू उघडमीट करून बघत आणि तेच घेऊन जात.

एकदा एक बाई आल्या. जंगलातून झाडांचं बी गोळा करून रोपवाटिकेला देणं हे त्यांचं काम. सोबत धाकटी नणंद होती. बाईंनी मला घट्ट धरलं, मूठ हलते का पाहिलं.

"वहिनी, हा तर भाजी चिरायचा!" नणंद हसली. "तो दातेरी घ्या की, काय रुबाब आहे त्याचा!"

"रुबाब मिरवायला नाही चाललो, बाईसाहेब. ओल्या हातातून निसटला नाही म्हणजे मिळवलं."

घरी वहिनी अंगणात बसून लाकूड तासत माझ्यावर हात बसवायच्या. मग पुसून तेलाचं बोट फिरवायच्या. किती सुखाचे दिवस होते ते!

एका हिवाळ्यात नणंदही जंगलात आली. ओढा ओलांडताना वहिनी घसरल्या, त्यांना धरायला गेलेली नणंदही पडली. दोघी चिंब. वहिनींचं मनगट सुजलं. वस्ती लांब, दिवस कललेला, वारा बोचरा. वहिनींचे दात वाजू लागले. घट्ट झाकणाच्या डबीतल्या आगकाड्या कोरड्या होत्या, पण काटक्या सगळ्या अवकाळी पावसाने भिजलेल्या. विस्तव पेटला नाही, तर वहिनींचं काही खरं नव्हतं.

नणंदेने मला काढलं आणि घाईघाईने एका काठीला बांधू लागली.

"हे गं काय?"

"भाला! एखादं जनावर आलं म्हणजे?"

"अगं, आपल्याला थंडी खातेय, जनावर नव्हे! सोड तो. ते वाळकं खोड आण. वरून ओलं असलं तरी पोटात कोरडं असतं."

तिने माझी धार खोडाच्या तोंडावर टेकवली आणि दुसऱ्या लाकडाने माझ्या पाठीवर ठोके घातले. घडीचा चाकू असता तर बिजागरीतच मोडला असता. मी मात्र आत शिरलो, आणि खोड उकललं. आत पिवळंधमक, कोरडं लाकूड!

ती ते मांडीवर घेऊन तासू लागली.

"मांडीवर नको! दगडावर टेकव. धार अंगापासून लांब. सावकाश."

"सावकाश काय? तुमचे ओठ निळे पडलेत!"

"तुझाही हात गेला, तर काडी कोण ओढणार? बाईसाहेब, तोंड बंद, हात चालू!"

पातळ, कुरळ्या ढलप्या निघाल्या. पहिली काडी विझली. पुढचीने एक ढलपी धरली, मग तिच्या शेजारची. वहिनींनी हात पुढे केले. हळूहळू त्यांच्या ओठांवर रंग परतला. उजाडल्यावर दोघी आपल्या पायांनी घरी आल्या.

पण त्या गडबडीत मी ओल्या चामडी म्यानातच राहिलो. अंगावर गंज चढला. आपण संपलो, असं वाटलं. तेवढ्यात नणंदेने मला बाहेर काढलं. "अगं बाई, काय दशा केली मी याची!" तिने मला घासलं, दगडावर धार लावली, तेल दिलं. मग अंगणात एक ओंडका ओढला आणि वहिनींपुढे बसली.

"आता नीट शिकवा, वहिनी. उन्हात."

मित्रांनो, गरज पडते त्या दिवशी हात थरथरत असतात. म्हणून मला हाती कसं धरायचं ते आधीच शिका, मोठ्यांच्या शेजारी बसून. आणि काम झालं, की मला कोरडं करूनच म्यानात ठेवा.