असं हे म्हणतात

“अहो, तेवढं एक वाक्य गाळा,” चर्चच्या पायऱ्या चढता चढता हिरा म्हणाली.

सुखदेवला वाक्य ठाऊक होतं. उपदेशाची प्रत कालच घरी आली होती आणि हिरानेही ती वाचली होती. विश्वास नाकारून जो मेला, तो कायमचा हरवला.

वाक्य मूळचं इंग्लंडातल्या एका अँग्लिकन धर्मपंडिताचं. पंडित वारून जमाना झाला, तरी पुण्यातल्या पाळकांच्या कपाटांत तो ठाण मांडून होता. त्याचं पुस्तक मराठीत आणलं ते सुखदेवनेच. मंडळीच्या दोन पिढ्या त्यावर वाढल्या, त्यात सुखदेवचा मुलगा अभयही. त्याच अभयने एकदा चहा पिताना सांगून टाकलं होतं, “बाबा, माझा नाही यावर विश्वास.” दोन महिन्यांपूर्वी हिंजवडीच्या रस्त्यावर त्याची दुचाकी ट्रकखाली आली.

“गाळलं तर मी दुभाषी कसला?” सुखदेव म्हणाला.

“आणि बाप कसले?”

पाहुणे उपदेशक त्या पंडिताचे शिष्य. ते इंग्रजीत एक वाक्य बोलत आणि सुखदेव ते मराठीत सांगे. ‘ते म्हणतात’ असं कधी म्हणायचं नाही, हा त्याचा नियम होता. उपदेशक ‘मी’ म्हणाला की दुभाष्यानेही ‘मी’च म्हणायचं. नवख्यांना तो हे दटावून शिकवी.

ते वाक्य आलं. पाहुणे थांबले. तिसऱ्या बाकावर हिरा मान खाली घालून बसली होती. सुखदेवला ते गाळवेना आणि म्हणवेना.

“विश्वास नाकारून जो मेला, तो कायमचा हरवला.” हिराचे खांदे पडले. “असं हे म्हणतात,” तो म्हणाला.

बाकांवर चुळबुळ झाली. पाहुण्यांना मराठीचा गंध नव्हता, ते पुढे बोलत राहिले. सुखदेवही प्रत्येक वाक्यामागे तेच जोडत राहिला. शेवटी पाहुणे म्हणाले, देव आपल्या लेकरांची वाट पाहतो. सुखदेवने ते मराठीत सांगितलं. ओठांवर आलेलं शेपूट त्याने गिळलं. ते खरं आहे की नाही, हे मात्र त्याला आज सांगता आलं नसतं.

आशीर्वाद झाला, मंडळी पांगली. पाळकसाहेब जवळ आले. “सुखदेवराव, पुढच्या रविवारपासून दुभाषी म्हणून रुपाली उभी राहील. आपण आराम करा.”

तो तिसऱ्या बाकापाशी गेला. हिरा अजून बसलेली होती. गेले दोन महिने ती शेजारी, अभयच्या जागेवर, आपली पिशवी ठेवत असे. तिने वर न पाहता पिशवी उचलून मांडीवर घेतली.